डावीकडचं माप

१९ जून

ठकू,

तुझं पोचल्याचं पत्र मिळालं. तीन ओळी! पोचले, आत्या न्यायला आली होती, उद्यापासून कामावर. रोग्याच्या खाटेला तापाचा तक्ता टांगतात ना, त्यावरही याहून जास्त मजकूर असतो. नर्स झाली म्हणून पोरीने आईलाही तसंच लिहायचं असतं का?

फोन करू नकोस असं माझं म्हणणं नाही. पण फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, मी "बरं" म्हणते आणि मग दोघी गप्प. कागद निदान पुन्हा काढून वाचता येतो. तेव्हा आठवड्याला एक पत्र, ठरलं होतं तसं.

दुसरं ठरलं होतं तेही विसरू नकोस. आपल्या इथल्या दवाखान्याच्या प्रतीक्षायादीत तुझं नाव दुसरं आहे. कायमची जागा निघाली की तिथलं गाठोडं बांधायचं आणि घरी यायचं. तोवर अनुभव घे, समुद्र बघ. तुझी आत्या एकटी आहे, तिला सोबत होईल, हे मी मान्य केलं. पण पाहुणी म्हणून.

माझं ठीक चाललंय. सकाळी दार उघडते, मशीनवर बसते, संध्याकाळी दार लावते. तुझे बाबा जाऊन दोन वर्षं झाली, पण अजून संध्याकाळी दोन माणसांचा चहा ठेवला जातो. मग मीच दोन्ही कप पिते आणि झोप येत नाही.

सहा युनिफॉर्म शिवून दिलेत ते फिरवून फिरवून घाल. एकच पिदडू नकोस.

आई


२ जुलै

आई,

हे घे मोठं पत्र.

माझा वॉर्ड पुरुषांचा, ऑपरेशन झालेल्यांचा. अठ्ठावीस खाटा, दिवसपाळीला आम्ही दोघी. इनचार्ज सिस्टरला सगळे मागून "जहाज" म्हणतात, कारण ती वळणावरून दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. पहिल्याच आठवड्यात एक मासेमार आला, तळहातात गळ रुतलेला. मी चिमट्याने मागे ओढणार, तेवढ्यात जहाजाने माझं मनगट धरलं. "मागे ओढशील तर मांस घेऊन येईल. पुढे ढकल. टोक बाहेर आलं की ते काप, मग सोड मागे." मी ढकलताना डोळे मिटले. तो माणूस म्हणतो, "सिस्टर, उघडा की डोळे, मी उघडे ठेवलेत!"

आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. खिडकीतून दोन इमारतींच्या मधे बोटभर समुद्र दिसतो. इथे सगळ्याला मीठ लागतं, कात्रीलासुद्धा. आत्या बंदराच्या कचेरीत टेलिफोनवर होती ना, गेल्या वर्षी निवृत्त झाली, तरी दाराची बेल वाजली की आत्या अजून "बोला" म्हणत दार उघडते. मी घरी आले की आत्या पाय शेकायला गरम पाणी ठेवते. युनिफॉर्म कमरेत सैल होता, तो आत्याने चिमटे घालून बसता करून दिला.

आणि बाबा लहानपणी झोपेत चालायचे, तुला माहीत होतं? आत्या आपल्या वेणीची रिबन त्यांच्या पायाला बांधून झोपायची, म्हणजे ते उठले की तिचे केस ओढले जायचे आणि तिला जाग यायची. सांगताना आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

तुझी ठकू


११ जुलै

ठकू,

पत्र तीनदा वाचलं. त्यात आत्या सात वेळा आली. मी एकदा, तीही वरती, मायन्यात.

झोपेत चालायचे हे मला माहीत नव्हतं. माझ्याजवळ सव्वीस वर्षं झोपले, एकदाही उठून चालले नाहीत. माझ्याजवळ त्यांना शांत झोप लागत होती, असा मी त्याचा अर्थ काढला आहे. आत्याला सांग.

आणि चिमटे घातले? मी तो सैलपणा मोजून ठेवला होता. रोग्याला उचलताना, वाकताना पाठीवर कापड ताणू नये म्हणून. जन्मभर खुर्चीत बसून "बोला, बोला" केलेल्या बाईला वाकणं काय कळणार! उसव ते.

तुला मी हे कधी सांगितलं नाही, आता मोठी झालीस म्हणून सांगते. तुझ्या बाबांना काही ठरवायचं झालं की ते आधी ताईला पत्र टाकत आणि उत्तर आलं की मला विचारत, "काय करू या?" भिंतींना रंग कोणता द्यायचा, तेसुद्धा समुद्रावरून ठरून यायचं. मी म्हणायचे, घरात मी राहते की ताई राहतात? ते नुसते हसायचे. आता तू तिकडून लिहितेस आणि मला ते हसू दिसतं.

आई


३० ऑगस्ट

आई,

उशीर झाला. दोन सिस्टर काम सोडून गेल्या, आम्ही उरलेल्या ओढतोय.

चिमटे उसवले. तुझंच बरोबर होतं, दुसऱ्याच दिवशी पाठीत शिवण गेली. आत्याने कबूल केलं. म्हणाली, "वहिनीच्या कामात हात घातला, चुकले."

आत्याला हल्ली दम लागतो, जिना चढताना दोनदा थांबते. सुट्टीच्या दिवशी मीच चादरी धुते, बाजार आणते. माझं वजन कमी झालेलं नाही, विचारायच्या आधीच सांगते.

ठकू


९ सप्टेंबर

ठकू,

ती चूक कबूल करते हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चूक कबूल करणारं माणूस सगळ्यांना आवडतं, मला ते कधी जमलं नाही.

दम लागतो म्हणे. निवृत्तीनंतर बायकांना दम लागतो, आणि घरात आयती पोरगी असली की जरा जास्तच लागतो. अठ्ठावीस खाटा उपसून आल्यावर एकोणतिसावी खाट घरी! माझ्या चादरी कोण धुतं, हे तू कधी विचारलंस का? विचारू नकोस, मीच धुते.

आई


२१ ऑक्टोबर

आई,

सात आठवडे पत्र नाही, मला माहीत आहे. रागावायचं ते नंतर रागाव. आधी एक काम कर.

एक गाऊन शिवून पाठव. मऊ, धुतलेलं सुती कापड. पुढून वरपासून खालपर्यंत उघडणारा, बटणं नकोत, बांधायच्या नाड्या हव्यात. डावी बाही खूप सैल, हात वर न उचलता घालता आली पाहिजे. बगलेखाली काही टोचायला नको. तू शिवण आत दुमडून घेतेस, तशी इथल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मापं: उंची बावन्न, खांदा साडेचौदा. पुढचा भाग, मध्यापासून बगलेखालच्या शिवणीपर्यंत, उजवीकडे साडेदहा, डावीकडे आठ.

मापं मी स्वतः घेतली आहेत, दोनदा. तू नीट वाच, आई. गाऊन आत्यासाठी आहे.

ठकू


२८ ऑक्टोबर

ठकू,

गाऊन आज पाठवला. सात आठवड्यांनी लेकीला आई आठवते, तीही आत्याला कपडे हवेत म्हणून!

मापं तू दोनदा घेतलीस आणि दोन्हीदा चुकलीस. बाईचं अंग उजवीकडे साडेदहा आणि डावीकडे आठ असतं का? ती वाकडी उभी राहिली असेल, नाहीतर तुझी टेप मुरगळली असेल. पंचवीस वर्षं बायकांची मापं घेते आहे मी. दोन्हीकडे साडेदहा धरलं आहे. रोग्यांच्या नाडीची मापं तरी नीट घेतेस ना?

डावी बाही सांगितलीस तशी सैल केली आहे. बाईसाहेबांना गाऊन घालताना हात वर करायचेही कष्ट नकोत! पण कापड चांगलं वापरलंय. मनात काहीही असो, माझ्या हातून वाईट शिवण जात नाही.

आई


६ नोव्हेंबर

वहिनी,

तुला पत्र लिहायला हा मुहूर्त लागला. गाऊन मिळाला. अगदी अंगभर बसला. शिवण कुठे आहे ते बोटाने चाचपडून शोधलं, सापडली नाही. इतक्या वर्षांत तू मला शिवून दिलेलं हे पहिलंच कापड, आणि मी घातल्यापासून काढलेलं नाही.

तुझी मुलगी चांगलं काम करते. परवा तिच्या वॉर्डातला एक म्हातारा घरी जाताना हिच्याशिवाय कुणाच्या हाताने टाके काढून घेईना. रागावते मात्र तुझ्यासारखी, नाकपुड्या फुगवून. तेव्हा मला तुझ्याशीच जरा भांडल्यासारखं वाटतं.

तुझी नणंद


१६ नोव्हेंबर

ठकू,

आली! कायमची जागा आली. यादीतली पहिली लग्न करून परगावी गेली, आता तूच. पंधरा डिसेंबरपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर तिसरीला बोलावणार. टपालवाल्याने पाकीट दिलं तेव्हा माझ्या बोटात अंगुस्तान तसंच होतं, तशीच उघडलं.

मी तुझी खोली झाडली. आत कापडाचे तागे ठेवले होते ते काढले. पलंग खिडकीकडे ओढला, तुला उजेडात वाचायला आवडतं म्हणून. कधी निघतेस ते लगेच कळव.

आई


२२ नोव्हेंबर

आई,

मला आत्ता येता येणार नाही.

का ते विचारू नकोस, मी कुणाला शब्द दिलाय. जागा तिसरीला गेली तर जाऊ दे. पुन्हा निघेल.

तू रागावशील. रागाव.

ठकू


२६ नोव्हेंबर

वन्सं यांस,

हे पत्र मुलीच्या नावाने नाही, तुमच्या नावाने आहे. तिच्या हाती देऊ नका.

ती येत नाही म्हणते. कुणाला शब्द दिलाय हे लिहायला ती धजली नाही, पण त्या घरात माणसं दोनच आहेत.

मी चौथी शिकलेली बाई आहे. गोड बोलता येत नाही, मनात आहे तेच लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा माझा आहे. मग कळलं, मला अर्धाच मिळालाय, अर्धा टपालाने तुमच्याकडे जातो. तरी मी निभावलं. ते गेले तेव्हा माझ्याकडे एक मुलगी उरली होती. तीही तुम्ही घेतलीत. पाय शेकलेत, बापाच्या गोष्टी सांगितल्यात, एकेक धागा ओढून घेतलात. आधी नवरा, आता मुलगी. माझ्याकडे आणखी काही असेल तर तेही सांगून ठेवा, पाकिटात घालून पाठवते.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. शेवटच्या दिवशी, शुद्ध जायच्या आधी, त्यांचा हात माझ्या हातात होता. चार दिवस मी तो सोडला नव्हता. त्यांनी डोळे उघडले आणि हाक मारली "ताई". माझ्याकडे बघून.

ही तुम्हाला मिळाली, वन्सं. शेवटचीसुद्धा. आता मुलगी परत द्या.

तुमची वहिनी


२ डिसेंबर

आई,

तुझं पत्र आत्याने मला दिलं नाही, पण वाचून ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मी दिलेला शब्द मोडते आहे.

सप्टेंबरात एकदा आंघोळीनंतर आत्याने हाक मारली. "सिस्टर, हे जरा बघा हो," थट्टेत. डाव्या स्तनात गाठ होती, सुपारीएवढी. बरेच महिने होती म्हणे, मी येण्याआधीपासून. मी तिला त्याच दिवशी आमच्या दवाखान्यात नेलं. चौदा ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. डावा स्तन पूर्ण काढावा लागला, बगलेतल्या गाठीही काढल्या. आता दर तीन आठवड्यांनी औषध शिरेतून देतात. अशा सहा फेऱ्या. औषध दिलं की चार-पाच दिवस तिला उभं राहवत नाही. मी रात्रपाळ्या मागून घेतल्या आहेत, दिवसा तिच्याजवळ असते.

तुला सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. म्हणाली, "वहिनीने आत्ताच एक आजारपण काढलंय. आणि तिला वाटेल, आत्याने शुश्रूषेसाठीच पोरगी बोलावून घेतली." तोंडाने सांगणार नाही, असं मी कबूल केलं. मापांबद्दल तिने काही कबूल करून घेतलं नव्हतं.

म्हणून मी डावीकडचं माप खरं लिहिलं, आई. बँडेजवरून मोजून, दोनदा. मला वाटलं, इतर कुणाला नाही, पण तुला ते वाचता येईल.

ठकू


३ डिसेंबर

वहिनी,

पोरीने तुला लिहिलं, मला कळलं. बरं झालं.

तिला घेऊन जा. पंधराच्या आत. ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. कायमची जागा माझ्या उरलेल्या चार फेऱ्यांसाठी सोडण्याइतकी ती खुळी आहे, आणि ते खूळ आपल्या दोघींकडूनच आलंय. मी इथे एखादी बाई ठेवीन.

त्याने "ताई" म्हटलं हे मला माहीत नव्हतं. तू रागाने लिहिलंस, पण मला ते मिळालं. गेली दोन वर्षं मी विचार करत होते की त्याला माझी आठवण झाली असेल का. तुला त्यावरून काय वाटलं असेल तेही कळतं. मी असते तर तुझ्याइतकं दडवून ठेवू शकले नसते.

तुझी नणंद


७ डिसेंबर

वन्सं,

पत्र वाचलं. "घेऊन जा" म्हणता. हेही तुम्हीच आधी केलंत. मला निदान भांडायला तरी मिळायला हवं होतं. दहा दिवस मी मशीनवर बसून वाक्यं जमवत होते, ती आता कुठे ठेवू?

मुलीचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका पोट लपवतात, पाठीचा बाक लपवतात, आणि टेप लावली की मला सगळं कळतं असा माझा तोरा. पोरीने आकडा लिहून पाठवला आणि मी तो खोडला. का खोडला तेही मला माहीत आहे. "आत्यासाठी" हा शब्द वाचला आणि पुढचं डोळ्यांना दिसेना. तो पोकळ गाऊन अंगात घालून तुम्ही "अंगभर बसला" लिहिलंत. वन्सं, मला कुणी इतकं मेल्याहून मेल्यासारखं केलं नव्हतं.

आता नीट ऐका. पोरगी चौदाला इथे हजर होईल, मी तिला तसं बजावलं आहे. आणि पंधराच्या गाडीने मी तिकडे येते. बाई-बिई ठेवायची नाही. आजारपण काढायची मला सवय आहे, आणि मुलीला नोकरी असते, मला नाही. मशीन गाडीत मावणार नाही, कात्री आणि टेप आणते.

दया म्हणून येत नाही. मला तुमचा हेवा वाटतो, अजून वाटतो, आजारी बाईचा वाटतो. तुमच्याकडे त्यांची पहिली चोवीस वर्षं आहेत. ती मी पाहिलेली नाहीत आणि आता ती तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाहीत. माझी सव्वीस मी घोकून घोकून झिजवली. मला ती पहिली हवी आहेत, अगदी रिबनीपासून. म्हणून येते.

वहिनी


१८ जानेवारी

ठकू,

तू आलीस, मी निघाले, मधे आपल्याला पाच तास मिळाले आणि त्यात तू अडीच तास झोपलीस. असो. तुला तिथे बायकांचा वॉर्ड दिलाय हे चांगलं झालं. डबा नेत जा.

इथे गेल्या आठवड्यात चौथी फेरी झाली. या वेळी ओकाऱ्या कमी, पण तोंडाला चव नाही. आमचं भांडण रोज होतं. मी भांडी घासते ती तिला पुरेशी घासलेली वाटत नाहीत, आणि उठून दाखवायची ताकद नाही, म्हणून पलंगावरून तोंडाने घासते. केस गेले तेव्हा रडेल वाटलं होतं. "आता दारावर कोणी आलं तर तूच 'बोला' म्हण," म्हणाली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. बाबा दर शनिवारी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तक आणायचे, तुला आठवत असेल. मी वाचायला शिकले ती तशी. मला वाटायचं, दिवसभर घड्याळांत डोकं घालून बसणारा माणूस, पण माझ्यासाठी कपाटापुढे उभा राहून निवडतो. सगळ्या आयुष्यात निव्वळ माझं असं तेवढंच होतं.

काल बोलता बोलता ती म्हणाली, "त्या पुस्तकांची नावं मीच कळवायची की. त्याला काय कळतंय त्यातलं!"

मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. खोल्या दोनच, फार लांब जाता आलं नाही. तिथून ओरडले, "एवढं तरी ठेवायचं होतंत!"

"रुसलीस का? पुढचं ऐक तरी."

"नको."

ती ऐकणार थोडीच! बसल्या जागेवरून म्हणायला लागली. पत्र हरवलंय, पण तिला पाठ आहे. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, या वेळी जाड पुस्तक सुचव. ती वाचते तेव्हा तिचे ओठ हलतात. मी हातात घड्याळ धरून नुसता बघत बसतो. पातळ पुस्तक लवकर संपतं. तिला सांगू नकोस, ओठ मिटून घेईल."

मी दारात येऊन विचारलं, "इतकी वर्षं गप्प कशा बसलात?"

"सांगितलं असतं तर घेतले असतेसच मिटून."

ठकू, इतकी वर्षं हे तिने एकटीने वापरलं. माझा राग गेलेला नाही. रात्रभर कूस बदलत होते.

आज सकाळी तिला जरा बरं वाटलं, उशीला टेकून बसली. मी पेपर घेतला. म्हटलं, मोठ्याने वाचून दाखवते, तुमचे डोळे दमतात.

"नको," म्हणाली. "तू आपला मनात वाच. मी बघते."

मी उजेडात सरकून बसले आणि वाचायला लागले.

तुझी आई